आओस्ताचं खोरं पहिल्यांदा पाहताना: आल्प्सच्या वाटेवरचे किल्ले, रोमन अवशेष आणि संग्रहालयं

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमांना लागून व्हाल्ले दाओस्ता नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ 3,261 चौरस किलोमीटर, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास. इटलीतला हा सर्वांत लहान प्रांत. माँ ब्लाँ, मॅटरहॉर्न, मॉन्ते रोझा आणि ग्रान पारादिझो अशी नावाजलेली शिखरं याच्या अवतीभवती असल्यामुळे बहुतेक पाहुणे बर्फासाठी आणि डोंगरांसाठी येतात. वाटेत दिसणाऱ्या किल्ल्यांचे गाडीतूनच फोटो काढतात आणि पुढे निघून जातात. माझ्या मते इथलं खरं धन त्या किल्ल्यांत, रोमन दगडांत आणि दोन-तीन फार उत्तम संग्रहालयांत आहे. युरोपला पहिल्यांदा जाणाऱ्या आणि इतिहासाची आवड असणाऱ्या कुणालाही मी रोममधला एखादा दिवस कमी करून इथे यायला सांगेन.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जुळत जाईल. या खोऱ्याचा इतिहास म्हणजे एका वाटेचा इतिहास आहे. डोरा बाल्तेआ नदीच्या काठाने वर चढणारी ही वाट आओस्ता शहराशी फुटते. तिचा एक फाटा ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून स्वित्झर्लंडकडे जातो, दुसरा लिटल सेंट बर्नार्डमधून फ्रान्सकडे. रोमन सैन्य, यात्रेकरू, व्यापारी आणि नेपोलियनच्या तोफा याच वाटेने गेल्या. वाट अडवायला किल्ले झाले, ओलांडायला पूल झाले, आणि थकलेल्यांसाठी मठ झाले. त्यामुळे ठिकाणांची यादी करून त्यावर खुणा करत फिरण्यापेक्षा वाटेच्या क्रमाने फिरा. खाली दिलेला क्रम तसाच आहे.

पायरी 1: महिना ठरवा

मेचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात हा सोयीचा काळ. त्यातही जून आणि सप्टेंबर सर्वांत चांगले. ऑगस्टमध्ये सगळा इटली सुट्टीवर असतो. 15 ऑगस्टच्या आठवड्यात तर किल्ल्यांच्या दारात रांगा लागतात आणि राहण्याचे दर चढतात. दोन्ही सेंट बर्नार्ड खिंडींचे रस्ते बर्फामुळे हिवाळाभर बंद असतात. साधारण जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरात पुन्हा बंद होतात. खिंडी पाहायच्याच असतील तर जुलै ते सप्टेंबर या काळातली तारीख धरा.

हिवाळ्यात जायला हरकत नाही, पण तेव्हा किल्ल्यांच्या वेळा कमी होतात आणि अनेक ठिकाणी सोमवारची सुट्टी असते. हिवाळ्यात मुद्दाम जावं असं एक कारण मात्र आहे. 30 आणि 31 जानेवारीला आओस्तात सांतोर्सोची जत्रा भरते. गावोगावचे हजारभर कारागीर लाकडावर कोरलेल्या मूर्ती, दगडी काम, विणकाम आणि शेतीची अवजारं घेऊन शहराच्या रस्त्यांवर मांडतात. परंपरा हजार वर्षांची मानली जाते. त्या दोन दिवसांसाठी राहायची जागा कित्येक महिने आधी पाहावी लागते.

पायरी 2: कागदपत्रं आणि प्रवास

भारतीय पारपत्रावर इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा पटकन भरतात, म्हणून उशीर करू नका. किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. खिंडींतून स्वित्झर्लंड किंवा फ्रान्समध्ये पाऊल पडणार असेल तर पारपत्र खोलीवर न ठेवता सोबत घ्या. हे देश शेंगेनमध्येच आहेत, तरी सीमेवर तपासणी होऊ शकते.

विमान मिलानला किंवा तोरिनोला, म्हणजे आपण ट्यूरिन म्हणतो तिथे उतरेल. तोरिनोहून आओस्ता रस्त्याने सुमारे 120 किलोमीटर आहे, मिलानहून 185च्या आसपास. रेल्वेबद्दल नीट चौकशी करा. इव्रेआ ते आओस्ता हा मार्ग विद्युतीकरणासाठी 2024च्या सुरुवातीपासून बंद ठेवण्यात आला आणि काम काही वर्षांचं असल्याचं सांगितलं गेलं. या टप्प्यात बदली बस चालवल्या जातात. जुन्या प्रवासवर्णनांत "आओस्तापर्यंत ट्रेनने जा" असं वाचायला मिळेल, त्यावर विसंबू नका. दोन्ही शहरांहून आओस्तासाठी थेट बसही असतात.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. गिअरची गाडी आणि उजव्या बाजूने चालवणं या दोन्हींची सवय नसेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच नोंदवा, कारण आयत्या वेळी ती मिळेलच असं नाही. खोऱ्यातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचा टोल चांगलाच महाग आहे. त्याला समांतर असलेला 26 क्रमांकाचा जुना राज्यमार्ग विनाटोल आहे आणि किल्ले त्याच्याच काठाने आहेत, म्हणून घाई नसेल तर तोच धरा. आओस्ता शहराच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरा नोंद घेतो आणि दंड महिन्यांनंतर घरी येतो. गाडी तटाबाहेरच लावा.

मुक्काम एकाच ठिकाणी, आओस्तात करा. सगळी ठिकाणं इथून दिवसभरात जाऊन येण्यासारखी आहेत. शहर 583 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास नाही, आणि जुलैत दुपारी चांगलंच ऊन लागतं.

पायरी 3: पहिला दिवस आओस्ता शहराला, संपूर्ण पायी

इसवी सनापूर्वी 25 मध्ये रोमन सेनापती ऑलस टेरेन्शियस व्हॅरो म्युरिना याने इथल्या सालासी लोकांचा पराभव केला आणि ऑगस्टा प्रिटोरिया सालासोरम हे शहर वसवलं. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की 36,000 सालासींना इव्रेआच्या बाजारात गुलाम म्हणून विकलं गेलं, आणि त्यांच्या भूमीवर 3,000 प्रिटोरियन, म्हणजे सम्राटाच्या खास दलातले सैनिक वसवण्यात आले. शहराच्या नावात "सालासोरम" तेवढं राहिलं. कमानी पाहताना ही गोष्ट मनात असू द्या.

सकाळी पूर्वेकडून, ऑगस्टसच्या कमानीपासून सुरुवात करा, कारण रोमहून येणारा माणूस याच बाजूने शहरात शिरत असे. कमान शहर वसलं त्याच साली उभी राहिली. वरचं पाटीच्या दगडाचं छप्पर मात्र 1716चं आहे. पावसाने दगड झिजू नये म्हणून ते घातलं गेलं. मधोमध टांगलेला क्रूसही मध्ययुगातला रिवाज. जवळच एक रोमन दगडी पूल आहे आणि त्याच्याखाली पाणी नाही. ब्यूतिए नदीने पात्र बदललं आणि पूल कोरडाच राहिला. घरांच्या मध्ये दडल्यामुळे तो अनेकांच्या नजरेतून सुटतो.

कमानीकडून सरळ चालत निघालात की उजव्या हाताला सांतोर्सो चर्चचा परिसर लागतो. इथे किमान दीड तास राखून ठेवा. चर्चला लागून एक चौक आहे आणि त्याभोवती ओवऱ्या. 12व्या शतकातल्या या ओवऱ्यांच्या बुटक्या खांबांवर संगमरवरी स्तंभशीर्षं आहेत. त्यांच्यावर गडद थर असल्यामुळे ती काळी दिसतात. 37 मूळ शीर्षं आजही जागेवर आहेत. येशूचा जन्म, याकोबाची कथा आणि संदेष्टे यांच्या जोडीला कोल्हा आणि करकोचा यांची बोधकथाही कोरलेली आहे. शीर्षं जवळजवळ डोळ्यांच्या उंचीवर आहेत, म्हणून एकेकापाशी थांबून चेहरे वाचता येतात. सकाळचं तिरपं ऊन असेल तर कोरीवकाम जास्त उठून दिसतं.

चर्चच्या आत, गाण्याच्या चौथऱ्याखाली 1999 मध्ये एक मोज़ाइक, म्हणजे दगडाच्या बारीक तुकड्यांनी जडवलेलं चित्र सापडलं. बायबलमधला सॅमसन सिंहाशी झुंजतोय आणि भोवती उलटसुलट सारखं वाचता येणारं पाच लॅटिन शब्दांचं वर्तुळ आहे. याच चर्चच्या छतापाशी 11व्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. नंतरच्या काळात खाली नव्या कमानी घातल्या गेल्या आणि चित्रं त्यांच्या वर, छपराच्या पोकळीत लपून वाचली. ती माणसं सोबत घेऊन, ठरावीक वेळीच दाखवतात. आत शिरल्याबरोबर त्याची चौकशी करा.

पुढे पोर्ता प्रिटोरिया, म्हणजे शहराचा पूर्वेचा महादरवाजा. याला कमानींच्या दोन रांगा आणि दोहोंमध्ये चौक आहे. मधली मोठी कमान गाड्यांसाठी, बाजूच्या दोन पादचाऱ्यांसाठी. गडाच्या महादरवाज्यातून आत शिरल्यावर शत्रूला कोंडीत पकडायची जागा आपण पाहिलेली असते, ती रचना इथे लगेच ओळखू येते. मूळ रस्ता आजच्यापेक्षा सुमारे अडीच मीटर खाली होता, आणि एका बाजूला खोदून ती पातळी दाखवली आहे.

दरवाज्याच्या आत उजवीकडे रोमन थिएटर आहे. त्याची दक्षिणेकडची भिंत 22 मीटर उंच उभी आहे, खिडक्यांच्या ओळींसकट. तिच्यामागे बर्फाचे डोंगर दिसतात. बसायला साडेतीन ते चार हजार माणसांची जागा होती. दुपारी उन्हात उभं राहायला लागतं, म्हणून हे जेवणाआधी उरका.

दुपारी कॅथेड्रलकडे वळा. शेजारीच क्रिप्टोपोर्टिको आहे, जमिनीखालची दुहेरी ओवरी. रोमन चौकातली देवळं ज्या उंच ओट्यावर होती, त्याच्या तीन बाजूंनी ही फिरते. बाहेर तिशीचं तापमान असलं तरी आत गारवा असतो. एकामागे एक कमानींची रांग अंधारात जाते. कॅथेड्रलच्या खजिन्यात इसवी सन 406 मधली हस्तिदंताची जोडपाटी आहे. तिच्यावर रोमन सम्राट होनोरियसची चित्रं आहेत. वस्तू लहान आहे, पण इतक्या जुन्या, नक्की सालाच्या आणि धड अवस्थेत राहिलेल्या वस्तू युरोपात फार थोड्या आहेत. पियात्सा रोंकास या चौकातलं पुरातत्त्व संग्रहालय वेळ उरला तर पाहा.

वेळ उरो वा न उरो, शहराच्या पश्चिमेकडच्या सँ-मार्तँ-द-कोरलेआँ इथलं महापाषाण संग्रहालय चुकवू नका. 1969 मध्ये इथे इमारतींसाठी पाया खणताना दगड लागले आणि काम थांबलं. मग दशकं उत्खनन चाललं आणि 2016 मध्ये त्याच जागेवर, उत्खननावर छप्पर घालून संग्रहालय उघडलं. आत उतारावरून खाली उतरता तसतशी शतकं मागे जातात. तळाशी सहा हजार वर्षांपूर्वीच्या नांगरटीचे चर आहेत. ही नांगरट पिकासाठी नव्हती, जमीन पवित्र करण्याचा तो विधी होता असं संशोधक मानतात. काही चरांमध्ये माणसांचे दात पेरलेले सापडले. त्यानंतरच्या काळात लाकडी खांबांची रांग आली, मग माणसाच्या आकाराच्या 40 हून अधिक कोरीव शिळा उभ्या राहिल्या. त्यांच्यावर दागिने, पट्टे, खंजीर आणि कुऱ्हाडी कोरल्या आहेत. पुढच्या पिढ्यांनी त्याच शिळा फोडून दफनांसाठी वापरल्या. एकाच जागेला हजारो वर्षं पवित्र मानत राहिलेली माणसं, आणि प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या खुणांशी केलेलं वर्तन, हे दोन्ही इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. इथे घाईने फिरण्यात अर्थ नाही. दोन तास द्या.

पायरी 4: दुसऱ्या दिवशी खोऱ्याच्या दारापाशी

सकाळी लवकर निघून खोऱ्याच्या खालच्या टोकाला, पाँ-सँ-मार्तँ गावी जा. इथे एकाच मोठ्या कमानीचा रोमन पूल आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. गावकरी सांगतात की पूल सैतानाने एका रात्रीत बांधला आणि बदल्यात पहिल्यांदा पूल ओलांडणाऱ्याचा आत्मा मागितला. संत मार्टिनने एका कुत्र्याला पलीकडे धाडलं. गावाच्या कार्निव्हलमध्ये आजही पुलाखाली सैतानाचा पुतळा जाळतात.

तिथून वर येताना दोनास. इथे नदी आणि कडा यांच्यात जागाच नव्हती, म्हणून रोमन लोकांनी कडाच कापून रस्ता काढला. 221 मीटर लांबीचा हा तुकडा उघड्यावर आहे आणि तिकीट नाही. एके ठिकाणी त्यांनी खडकाचा भाग तसाच ठेवून त्यात कमान कोरली आहे. खालच्या दगडात गाड्यांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. मैलाचा दगडही त्याच खडकात कोरलेला आहे, आओस्तापासूनचे 36 रोमन मैल दाखवणारा. इथे फक्त वीस मिनिटं लागतात, पण सगळ्या खोऱ्यात माझ्या मनात सर्वांत खोल उतरलेली जागा हीच आहे.

पुढच्या वळणावर बार्दचा किल्ला समोर येतो. खोरं जिथे सर्वांत अरुंद होतं तिथे मधोमध एक खडक आहे आणि त्या खडकावर थरांनी चढत गेलेला किल्ला. मे 1800 मध्ये नेपोलियनचं सुमारे 40,000 सैन्य ग्रेट सेंट बर्नार्ड ओलांडून खाली उतरलं. तोफा पोकळ केलेल्या झाडांच्या ओंडक्यांत घालून बर्फावरून ओढत आणल्या होत्या. आणि इथे, बार्दपाशी, सुमारे 400 ऑस्ट्रियन सैनिकांनी त्यांची वाट दोन आठवडे अडवून धरली. पायदळ डोंगरातल्या आडवाटेने पुढे सरकलं, पण तोफांना दुसरा रस्ता नव्हता. शेवटी चाकांना गवत गुंडाळून, रस्त्यावर गवत पसरून, काही तोफा रात्री किल्ल्याच्या पायथ्यातल्या गल्लीतून पुढे काढल्या गेल्या. जूनच्या पहिल्या तारखेला किल्ला पडला आणि नेपोलियनने तो जमीनदोस्त करायला लावला.

आज दिसतो तो किल्ला 1830 ते 1838 या काळात साव्होय राजघराण्याने नव्याने बांधला. इटलीच्या एकीकरणाचा पुढचा मोठा नेता कावूर हा तरुण लष्करी अभियंता म्हणून 1831 मध्ये इथेच नेमणुकीवर होता. पुढे किल्ला तुरुंग आणि दारूगोळ्याचं कोठार झाला, मग ओस पडला. 2006 मध्ये जीर्णोद्धार होऊन तो संग्रहालय म्हणून उघडला.

इथे पाहायचा क्रम असा ठेवा. आधी पायथ्याच्या बार्द गावाची एकच लांब गल्ली चाला, कारण तोफा इथूनच गेल्या. मग काचेच्या लिफ्टने एकेक टप्पा चढत वरपर्यंत जा. चालत जायचा रस्ताही आहे. गुडघे ठीक असतील तर उतरताना तो वापरा, म्हणजे जंग्या आणि तोफांच्या खिडक्या कुठे रोखलेल्या आहेत ते कळतं. वरच्या इमारतीत आल्प्सचं संग्रहालय आहे. डोंगरातली शेती, गुरं, हवामान आणि लग्नाकार्याचे रिवाज हे सगळं ध्वनी आणि चलचित्रांतून दाखवलं आहे. लहान मुलांना ते आवडतं. तुम्हाला गड-किल्ल्यांचं वेड असेल तर त्याहून जास्त वेळ खालच्या तटबंदीच्या संग्रहालयाला द्या. तोफ सुधारली तसा किल्ल्याचा आकार कसा बदलत गेला, ते तिथे नमुन्यांसह मांडलं आहे. बार्द सहसा सोमवारी बंद असतो.

पायरी 5: शाल्लाँ घराण्याचे तीन किल्ले

मध्ययुगात या खोऱ्यावर साव्होय घराण्याच्या वतीने शाल्लाँ सरदारांचा दबदबा होता. त्यांचे तीन किल्ले तीन स्वभावांचे आहेत. तिन्ही एका दिवसात होतात, पण मग प्रत्येकाला तास-दीड तासच मिळतो. मी दोन दिवसांत विभागून पाहायला सांगेन.

वेरेस हा निव्वळ लढाऊ किल्ला. बाहेर फारसं काही कोरीव नाही, खडकावर ठेवलेला 30 मीटर बाजूचा दगडी घन. दारावरच्या शिलालेखात 1390 साल आणि इब्ले द शाल्लाँचं नाव आहे. 1536 मध्ये रेने द शाल्लाँने तोफांच्या काळाला साजेशी बाहेरची तटबंदी वाढवली. आतला दगडी जिना कमानींवर पेलत चौकाभोवती वर चढतो आणि त्याच्याकडे पाहताना बांधणाऱ्यांच्या गणिताला दाद द्यावीशी वाटते. गावापासून चढ वीस-पंचवीस मिनिटांचा.

नदीपलीकडे, वेरेसच्या समोरच इसोन्य. बाहेरून साधं घर वाटतं, म्हणून पुष्कळ लोक ते सोडून देतात. कृपा करून तसं करू नका. 15व्या शतकाच्या शेवटी जॉर्ज द शाल्लाँ या धर्माधिकाऱ्याने हा वाडा सजवला. चौकात लोखंडाचं डाळिंबाचं झाड आहे आणि त्याच्या फांद्यांतून पाणी पडतं. ओवरीच्या अर्धवर्तुळाकार भिंतींवर त्या काळच्या बाजाराची चित्रं आहेत: औषधांचं दुकान, खाटीक, भट्टीवाला, शिंपी, भाजीबाजार, चीज विकणारा, आणि पत्ते-सोंगट्या खेळत बसलेले पहारेकरी. राजे, संत आणि लढाया युरोपभर रंगवलेल्या सापडतात. पण पाचशे वर्षांपूर्वीचा शिंपी कापड कसं बेततो आणि दुकानदाराच्या फळीवर काय काय मांडलेलं असतं, हे इतक्या आपुलकीने रंगवलेलं क्वचितच दिसतं. चित्रात कोण काय विकतंय, कोण घासाघीस करतंय ते शोधत बसा. भिंतींवर जुन्या पाहुण्यांनी आणि नोकरांनी ओरखडून लिहिलेल्या ओळीही आहेत. चित्रकार वित्तोरियो आव्होंदो याने 1872 मध्ये हा मोडकळीला आलेला वाडा विकत घेतला, जुनं सामान शोधून परत आणलं आणि 1907 मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं. त्याच्यामुळेच आपल्याला हे पाहायला मिळतंय.

फेनिस सर्वांत प्रसिद्ध. दुहेरी तट, चर्या, अनेक बुरूज, अगदी चित्रातला किल्ला. पण तो सपाट माळावर आहे. वाट अडवण्यापेक्षा घराण्याचा रुबाब दाखवण्यासाठी तो उभा केला गेला. आतल्या चौकात अर्धवर्तुळाकार जिना, त्याच्या माथ्यावर ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज, आणि वरच्या सज्जावर हातात लेखपट्ट्या धरलेले ज्ञानी पुरुष. पट्ट्यांवरची वचनं जुन्या फ्रेंचमध्ये आहेत. या प्रांतात आजही इटालियनबरोबर फ्रेंच ही राजभाषा आहे, त्याचं मूळ किती खोल आहे ते इथे दिसतं. फेनिस गावातच खोऱ्यातल्या पारंपरिक हस्तकलेचं संग्रहालय आहे. जानेवारीतली जत्रा चुकली असेल तर तिची ओळख इथे होते.

तिन्ही किल्ल्यांत माणूस सोबत देऊन, गटागटाने आत नेतात. समजावणं बहुधा इटालियनमध्ये, कधी फ्रेंचमध्ये असतं. इंग्रजी माहितीपत्रक दारातच मागून घ्या. फेनिसला उन्हाळ्यात पुढच्या गटासाठी तासभर थांबावं लागू शकतं, म्हणून उघडताच पोचा.

तिकिटांचं एक सांगून ठेवतो. इटलीत सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, पण इथले किल्ले प्रांताच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तो नियम इथे गृहीत धरू नका. एकाहून अधिक ठिकाणांची एकत्रित तिकिटं असतात, पहिल्याच खिडकीवर विचारा. बराच काळ राहणारे किंवा तोरिनोतली संग्रहालयंही पाहणारे असतील त्यांना पिएमाँते आणि व्हाल्ले दाओस्ता या दोन्ही प्रांतांत चालणारा वार्षिक संग्रहालय पास परवडतो. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी थांबतो, हे प्रत्येक ठिकाणी ध्यानात ठेवा.

पायरी 6: वरचं खोरं

आओस्ताच्या पश्चिमेला किल्ल्यांची दाटी आहे. त्यातून निवड करा. सारचा राजवाडा राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याने 1869 मध्ये शिकारीसाठी घेतला. आतलं दालन आयबेक्स या रानबोकडांच्या शेकडो शिंगांनी मढवलेलं आहे. ते पाहवत नाही, हे खरं. पण याच राजघराण्याने 1856 मध्ये शिकारीचं राखीव रान केल्यामुळे बाकी आल्प्समधून नाहीसा झालेला हा प्राणी इथे टिकला. ते रान 1922 मध्ये ग्रान पारादिझो राष्ट्रीय उद्यान झालं, इटलीतलं पहिलं. आज आल्प्सभर दिसणारे आयबेक्स इथल्याच कळपांचे वंशज आहेत.

एमाव्हीलच्या वरच्या अंगाला पाँ दाएल हे ठिकाण आहे. त्याच्यासाठी अर्धा दिवस काढा. इसवी सनापूर्वी 3 मध्ये पादुआच्या कायस अव्हिलियस कायमस नावाच्या खाणमालकाने स्वतःच्या खर्चाने हा पूल बांधला, आणि "खासगी" असं त्यावर कोरून ठेवलं. दरीच्या तळापासून उंची 56 मीटर. वरच्या मजल्यावरून पाणी जायचं, खालच्या बंदिस्त बोगद्यातून माणसं आणि जनावरं. आता दोन्हींतून चालता येतं. बोगद्यात एका ठिकाणी पायाखाली काच आहे, उंचीची भीती असणाऱ्यांनी वरचीच वाट धरावी.

राण्यांचे महाल आवडत असतील आणि एक दिवस जास्तीचा असेल तर मॉन्ते रोझाच्या पायथ्याशी ग्रेसोने-सँ-जाँ इथे राणी मार्गेरिताचा महाल आहे, 1899 ते 1904 मधला. त्या दरीत वाल्सर नावाचा जर्मन बोलीचा समाज कित्येक शतकं राहतो. त्यांची लाकडी घरं मला महालापेक्षा जास्त पाहण्यासारखी वाटली.

पायरी 7: खिंडी आणि कूरमायर

ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड 2,469 मीटरवर आहे. बोगद्यात न शिरता जुन्या वळणांच्या रस्त्याने वर जा. आओस्ताचा धर्माधिकारी बर्नार्ड याने 11व्या शतकात वर धर्मशाळा उभारली आणि वादळात सापडलेल्यांना तिथे आसरा मिळू लागला. ती सीमेपलीकडे, स्विस बाजूला आहे आणि आजही चालू आहे. तिच्या संग्रहालयात रोमन प्रवाशांनी इथल्या ज्युपिटर देवाला वाहिलेल्या काशाच्या पाट्या आहेत. खिंड सुखरूप ओलांडली म्हणून केलेले हे नवस. एकेका पाटीवर वाहणाऱ्याचं नाव आहे, कुठे त्याची पलटणही. जुलैतही स्वेटर आणि वाराप्रतिबंधक जाकीट हवंच.

कूरमायरला बहुतेक लोक माँ ब्लाँच्या केबलकारसाठी जातात. मराठी गिर्यारोहकांनी तिथलं वाटाड्यांचं छोटं संग्रहालयही पाहावं. या गावातल्या वाटाड्यांची संस्था 1850 मध्ये सुरू झाली. 1909 मध्ये आब्रुत्सीच्या ड्यूकने काश्मीरमार्गे कराकोरममध्ये के2ची मोहीम नेली, तेव्हा याच गावचे पेतिगा आणि ब्रोशरेल त्याच्यासोबत होते. के2च्या ज्या धारेवर ते चढले ती आजही आब्रुत्सी धार म्हणून ओळखली जाते.

जेवणाचं थोडं

दुपारची जेवणं साधारण अडीचला संपतात आणि संध्याकाळी सातपर्यंत स्वयंपाकघर बंद असतं. किल्ल्यांच्या गावांत तर काहीच मिळत नाही, म्हणून पाव, फळं आणि पाणी जवळ ठेवा. मक्याच्या पिठाची पोलेंता, त्यात फाँतिना चीज आणि लोणी, हा इथला पोटभरीचा पदार्थ मांसाविना असतो. पण कडक शाकाहारी असाल तर लक्षात घ्या की फाँतिना वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. पाव-कोबी-चीजच्या व्हालपेलीन सूपमध्ये बहुधा मांसाचा अर्क असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका.

दिवस कमी असतील तर

दोनच दिवस असतील तर पहिला आओस्ता शहराला द्या, महापाषाण संग्रहालय धरून. दुसऱ्या दिवशी दोनास, बार्द आणि इसोन्य याच क्रमाने करा, फेनिस परतीच्या वाटेवर बाहेरूनच पाहा. तिसरा दिवस मिळाला तर आत जाऊन फेनिस आणि दुपारी पाँ दाएल. पावसाचा दिवस निघाला तर दोनासचा रस्ता आणि पाँ दाएल पुढे ढकला, ओला दगड निसरडा होतो. त्या दिवशी क्रिप्टोपोर्टिको, कॅथेड्रल आणि महापाषाण संग्रहालय करा, ही तिन्ही छपराखाली आहेत.